टायमर लावून कामाच्या तासांची नोंद कशी ठेवावी: पहिल्या दिवसापासून पहिल्या महिन्यापर्यंत

आधी एक नोंद बघा. माझ्या एका साध्या मंगळवारची आहे. मी भाषांतराचं काम करते.

९:१२ ते ९:५८ – प्रकरण ३, पहिला खर्डा
९:५८ ते १०:२१ – मेलना उत्तरं
१०:३० ते ११:२५ – प्रकरण ३, पहिला खर्डा
११:२५ ते ११:५० – नव्या कामाचं कोटेशन
१२:०५ ते १२:४० – प्रकरण ३, पहिला खर्डा
२:०० ते २:५० – क्लायंटबरोबर मीटिंग, प्रकरण ३ च्या शंका
३:०५ ते ४:०० – प्रकरण ३, दुरुस्त्या
४:१५ ते ४:४० – बिलं आणि फायलींची आवराआवर
५:०० ते ५:३५ – प्रकरण ३, संज्ञांची तपासणी

सकाळी ९:१२ ला बसले आणि संध्याकाळी ५:३५ ला उठले, म्हणजे ८ तास २३ मिनिटं. कुणी विचारलं असतं तर 'आठ तास काम झालं' असंच मी मनापासून सांगितलं असतं. नोंदींची बेरीज मात्र ५ तास ४९ मिनिटं भरते. त्यातही ज्याचे पैसे मिळतात ते काम, म्हणजे भाषांतर, दुरुस्त्या, संज्ञा आणि मीटिंग, ४ तास ३६ मिनिटांचं. मेल, कोटेशन आणि बिलं यांनी १ तास १३ मिनिटं घेतली. बाकीचे २ तास ३४ मिनिटं जेवणात, फोनवर आणि दोन कामांच्या मधल्या फटींमध्ये गेले.

असे आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मग तीन-चार आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. मन लावून करायचं काम माझ्याकडून दिवसाला साडेचार तासांच्या आसपासच होतं, हे त्यात स्पष्ट दिसलं. तेव्हापासून मी कामाच्या तारखा त्या हिशोबाने द्यायला लागले आणि रात्री जागून काम उरकायची वेळ क्वचितच येऊ लागली. टायमरचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझा आग्रह आहे की पहिले दोन आठवडे नुसती नोंद ठेवा. वेग वाढवणं, शिस्त लावणं हे सगळं त्यानंतर.

टायमर दोन प्रकारचे, आणि दोघांची कामं वेगळी

नवीन माणसाची पहिली गल्लत इथे होते. एक टायमर शून्यापासून पुढे मोजतो, स्टॉपवॉचसारखा. काम सुरू करताना चालू करायचा, संपलं की बंद करायचा. किती वेळ लागला हे तो सांगतो. दुसरा ठरवलेल्या मिनिटांपासून उलटा मोजत शून्यावर येतो आणि वाजतो. एवढा वेळ या कामाला चिकटून बसायचं, ही हद्द तो आखून देतो. तासांची नोंद हवी असेल तर पहिला लागतो, लक्ष टिकवायचं असेल तर दुसरा. दोन्ही एकदम सुरू करायची घाई करू नका. पहिल्यापासून सुरुवात करा.

तिसरी एक जात आहे, आपोआप नोंद करणाऱ्या ॲपची. रेस्क्यूटाइम, ॲक्टिव्हिटीवॉच ही त्यातली नावं. तुम्ही कोणत्या प्रोग्राममध्ये किंवा कोणत्या वेबसाइटवर किती वेळ होता, हे ती स्वतःच टिपतात. ॲक्टिव्हिटीवॉच ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही पाहता येतो, आणि ते माहिती तुमच्याच संगणकावर ठेवतं, त्यामुळे खासगीपणाची काळजी असणाऱ्यांना ते जवळचं वाटेल. पण ब्राउझर दोन तास उघडा होता एवढंच अशा ॲपला कळतं. ते दोन तास कोणत्या क्लायंटचे, हे तुम्हालाच सांगावं लागतं.

ॲप निवडताना

टॉगल ट्रॅक आणि क्लॉकिफाय ही दोन नावं सगळीकडे ऐकू येतील. दोन्हींची विनामूल्य योजना आहे आणि एकट्या माणसाला ती पुरते. स्वतःचा सर्व्हर चालवता येत असेल तर किमाय हे ओपन सोर्स ॲप त्यावर बसवता येतं. यातलं कोणतंही घ्या, पण निवडण्यात दोन दिवस घालवू नका.

चार गोष्टी मात्र तपासा. झालेली एन्ट्री मागाहून हाताने दुरुस्त करता येते का? संगणकावर सुरू केलेला टायमर फोनवर दिसतो का? सगळी नोंद सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, बाहेर काढता येते का? आणि बराच वेळ कीबोर्ड-माउसला हात लागला नाही तर ॲप विचारतं का? पहिली किंवा तिसरी गोष्ट नसेल तर ते ॲप सोडून द्या, मग ते दिसायला कितीही देखणं असो.

खातं उघडल्यावर लगेच सेटिंगमध्ये जा आणि टाइम झोन बरोबर आहे का ते पाहा. तो चुकला तर रात्री उशिराचं काम दुसऱ्याच तारखेला जाऊन बसतं आणि आठवड्याची बेरीज बिघडते. आठवडा कोणत्या वारी सुरू होतो तेही तिथेच ठरवून टाका.

प्रोजेक्ट थोडे, वर्णन नेमकं

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घेणार आहे, कारण माझ्या पाहण्यात बहुतेकांची नोंद इथेच निकामी होते.

पहिल्या दिवशी उत्साहात वीस प्रोजेक्ट आणि पंधरा टॅग (नोंदींना लावायच्या छोट्या खुणा) तयार केले जातात. मग प्रत्येक वेळी टायमर लावताना 'हे कशात टाकू?' असा विचार करावा लागतो. पाचव्या दिवशी त्याचा कंटाळा येतो आणि नोंद थांबते. सुरुवातीला चार-पाचच प्रोजेक्ट ठेवा: चालू असलेली दोन किंवा तीन मोठी कामं, एक 'कार्यालयीन' नावाचा, ज्यात मेल, बिलं, कोटेशन सगळं येईल, आणि एक 'शिकणं'. एखाद्या प्रोजेक्टमध्ये फारच गर्दी झाली तर तो पुढे फोडता येतो.

प्रोजेक्ट कमी ठेवल्याची भरपाई वर्णनात करायची. 'काम', 'लिखाण', 'कोडिंग', 'डिझाइन' ही वर्णनं लिहिताना सोपी असतात, पण महिन्याने वाचताना त्यांतून काहीच कळत नाही. वर्णनात दोन गोष्टी हव्यात: कशावर काम केलं आणि नेमकं काय केलं. 'प्रकरण ३, पहिला खर्डा' आणि 'प्रकरण ३, दुरुस्त्या' हे मी वेगळं लिहिते. असं लिहायला लागल्यावर मला कळलं की दुरुस्त्यांना खर्ड्याच्या जवळपास निम्मा वेळ जातो. तोवर कोटेशन देताना मी दुरुस्त्यांचा वेळ धरतच नव्हते. दोन्ही नोंदी 'भाषांतर' या एकाच नावाखाली गेल्या असत्या तर ते माझ्या लक्षात यायला किती काळ गेला असता कोण जाणे.

तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरा. एकदा 'मेल', एकदा 'ईमेल', एकदा 'पत्रव्यवहार' असं लिहिलंत तर रिपोर्टमध्ये तीन वेगळ्या ओळी दिसतील. बहुतेक ॲप टाइप करताना जुनी वर्णनं सुचवतात. त्यांतलंच निवडायची सवय लावून घ्या.

पहिला आठवडा

टायमरचा टॅब ब्राउझरमध्ये पिन करून ठेवा. काम उघडायच्या आधी टायमर लावायचा हा क्रम पाळा. फाइल उघडली की माणूस कामात शिरतो आणि टायमर राहून जातो.

काम बदललं की नवा टायमर लावा. टॉगल आणि क्लॉकिफायमध्ये नवा सुरू केला की जुना आपोआप थांबतो. पाच मिनिटांच्या आतलं काही मी वेगळं नोंदत नाही. मधेच एक ओळीचा निरोप पाठवला म्हणून टायमर बदलत बसलात तर नोंद ठेवणं हेच एक वेगळं काम होऊन बसेल.

टॅब चुकून बंद झाला तर वेळ थांबतो का, ही भीती सगळ्यांनाच वाटते. खातं उघडून वापरायच्या ॲपमध्ये सुरुवातीची वेळ सर्व्हरवर, म्हणजे ॲप चालवणाऱ्यांच्या संगणकावर, लिहिलेली असते, म्हणून टॅब बंद करा किंवा संगणक बंद करा, टायमर चालूच राहतो. खातं न लागणाऱ्या साध्या स्टॉपवॉचच्या पानाचं तसं नसतं. पान बंद झालं की मोजलेला वेळ जाऊ शकतो.

टायमर चालू राहण्याचा दुसरा परिणामही लक्षात ठेवा. एकदा शुक्रवारी संध्याकाळी सहाला उठताना टायमर बंद करायचा माझ्याकडून राहिला. सोमवारी सकाळी नऊला पाहिलं तर एकाच दुरुस्तीची ६३ तासांची एन्ट्री. ती डोळ्यांत भरली म्हणून सापडली. जेवायला जाताना चालू राहिलेला पाऊण तास मात्र सहज नजरेतून निसटतो. यासाठीच हात थांबले की विचारणारी सोय चालू ठेवा. अमुक मिनिटं तुम्ही इथे नव्हता, तो वेळ ठेवायचा की काढायचा, असं ॲप विचारतं. कागदावर वाचत होता किंवा विचार करत होता तर बेलाशक ठेवा, तेही कामच आहे.

लावायचा विसरलात तर त्याच दिवशी भरून काढा. पाठवलेल्या मेलच्या वेळा, फाइल शेवटची सेव्ह झाल्याची वेळ आणि ब्राउझरची हिस्टरी, या तीन ठिकाणांहून दिवस बऱ्यापैकी पुन्हा उभा करता येतो. दोन दिवसांनी तोच दिवस आठवायला बसलात तर ते अंदाजाने लिहिणं होईल. म्हणून रोज उठण्याआधी तीन मिनिटं देऊन दिवसाची यादी नजरेखालून घाला.

दुसरा आठवडा: अंदाज लिहायला लागा

नोंद अंगवळणी पडली की तिच्यात एकच भर घाला. मोठं काम सुरू करताना वर्णनाच्या शेवटी आपला अंदाज लिहा: 'प्रकरण ४, पहिला खर्डा, अंदाज २ तास'. काम संपल्यावर खरा आकडा शेजारी असतोच.

आपल्याच कामाला लागणारा वेळ माणूस कमी धरतो. तशाच प्रकारचं काम आधी केलेलं असलं आणि तेव्हा उशीर झालेला असला तरी कमीच धरतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीबद्दल लिहिलं. त्यावरचा उपाय त्यांच्या मांडणीतच आहे: हे काम कसं कसं होईल याचं चित्र मनात रंगवण्याऐवजी अशी कामं आधी किती वेळात झाली ते पाहायचं. आधी किती वेळ लागला हे टायमरशिवाय कुणाला नेमकं आठवत नाही.

समजा अंदाज २ तासांचा होता आणि लागले ३ तास १० मिनिटं. १९० ला १२० ने भागलं की साधारण १.६ येतात. एका कामावरून काही ठरवू नका. आठ-दहा कामांचे असे आकडे जमले की त्यांची सरासरी काढा. पुढच्या वेळी मनात येईल त्या आकड्याला त्या सरासरीने गुणा आणि मगच तारीख सांगा. सुरुवातीला सांगितलेली तारीख फार लांबची वाटेल. तरीही सांगा.

तिसरा आठवडा: आता उलटा टायमर

पोमोडोरो हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, अभ्यासात मन लागत नाही म्हणून स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर वापरून ही पद्धत बसवली. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी विश्रांती. पोमोफोकससारखी पानं हे चक्र तयारच देतात.

ज्या कामाला हातच लागत नाही त्याच्यासाठी ही पद्धत फार चांगली आहे. पूर्ण अहवाल लिहायचा म्हटलं की मन मागे सरतं, पण २५ मिनिटं बसायचं म्हटलं की बसता येतं. गुंतागुंतीच्या लिखाणाला किंवा प्रोग्रामिंगला मात्र २५ मिनिटं मला तोकडी वाटतात. विषयात शिरेपर्यंत घंटा होते. तिथे मी ५० मिनिटं काम आणि १० मिनिटं विश्रांती घेते. तुमच्या नोंदींतून तुमचा आकडा शोधता येईल: न थांबता केलेल्या एन्ट्री साधारण किती लांबीच्या आहेत ते पाहा आणि त्याच्या जवळची लांबी निवडा.

फेरी चालू असताना काही आठवलं, कुणाला फोन करायचा, काही मागवायचं, तर शेजारच्या कागदावर एका शब्दात लिहा आणि पुढे चला. मधेच दुसऱ्या कामात डोकावून परत आलं की लक्षाचा काही भाग तिकडेच अडकून राहतो. सोफी लेरॉय यांनी २००९ च्या आपल्या संशोधनात हेच दाखवलं. विश्रांतीत खुर्चीतून उठा. त्याच पडद्यावर दुसरं काही वाचत बसलात तर डोळ्यांना विश्रांती मिळत नाही.

आता घंटा न वाजण्याबद्दल. उलटा टायमर लावला, दुसऱ्या टॅबमध्ये काम केलं आणि घंटा उशिरा झाली किंवा झालीच नाही, ही तक्रार खूप जणांची असते. कारण ब्राउझरमध्ये आहे. बॅटरी वाचावी म्हणून ब्राउझर नजरेआडच्या टॅबचा वेग कमी करतात. २०२१ च्या जानेवारीत आलेल्या क्रोम ब्राउझरच्या ८८ व्या आवृत्तीपासून, पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ मागे पडलेल्या टॅबमधला टायमर काही वेळा मिनिटातून एकदाच जागा केला जातो. दर सेकंदाला एक वजा करत जाणारं साधं पान अशा वेळी मागे पडतं. नीट बनवलेलं पान सुरुवातीची वेळ लक्षात ठेवतं आणि दर वेळी घड्याळाशी ताडून पाहतं, त्यामुळे त्याचा आकडा चुकत नाही.

तुमचं पान कसं आहे हे तपासायला १० मिनिटांचा टायमर लावा, दुसऱ्या टॅबमध्ये जा आणि हातातल्या घड्याळाशी ताडून पाहा. आवाज येतच नसेल तर पानावर एकदा क्लिक करून मग टायमर सुरू करा, कारण वापरणाऱ्याने काही केल्याशिवाय पानाला आवाज करायला ब्राउझर सहसा मनाई करतात. नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे का आणि 'डू नॉट डिस्टर्ब' चालू आहे का, हेही पाहा. लॅपटॉप झोपला तर ब्राउझरमधली घंटा होणार नाही. महत्त्वाच्या वेळेसाठी फोनचा अलार्मच लावा.

दोन्ही टायमर एकत्र वापरताना एक गोष्ट आधीच ठरवा: पाच मिनिटांच्या विश्रांती कामाच्या तासांत धरायच्या का? मी धरत नाही, नोंदीचा टायमर थांबवते. तासांवर पैसे घेत असाल तर याबद्दल क्लायंटशी काम सुरू होण्याआधीच बोलून घ्या.

तासांचं बिल करताना

इथे एक चूक नवीन लोक हमखास करतात. माझे मंगळवारचे ४ तास ३६ मिनिटं घ्या. दशांशात ते ४.६ तास होतात, कारण ३६ मिनिटं म्हणजे ६० मधले ०.६. घाईत ४.३६ लिहिलं तर ०.२४ तास, म्हणजे १४ मिनिटांहून जास्त वेळ, बिलातून गेला. असे २० दिवस धरले तर ४.८ तासांचे पैसे गेले. मिनिटांना ६० ने भागायचं, एवढंच करायचं आहे. १५ मिनिटं ०.२५, २० मिनिटं ०.३३, ४५ मिनिटं ०.७५.

स्प्रेडशीटमध्ये बेरीज करताना आणखी एक घोळ होतो. आठवड्याचे २६ तास ३० मिनिटं झाले तरी खालच्या चौकोनात २:३० दिसतं, कारण शीट त्याला घड्याळातली वेळ समजते आणि २४ तासांनंतर पुन्हा शून्यापासून मोजते. गूगल शीट्समध्ये फॉरमॅट मेन्यूच्या नंबर या भागात जाऊन ड्युरेशन निवडा, मग खरी बेरीज दिसेल. दशांश हवा असेल तर त्या आकड्याला २४ ने गुणा आणि तो चौकोन साध्या नंबरच्या फॉरमॅटमध्ये ठेवा.

आकडा ठरावीक मिनिटांच्या टप्प्यावर आणायचा असेल तर नियम एकच ठेवा आणि तो बिलावर लिहा. वकिली व्यवसायात कित्येक ठिकाणी ६ मिनिटांचा टप्पा धरतात, कारण तो तासाचा बरोबर दहावा भाग आहे. १५ मिनिटांचा टप्पाही चालतो. प्रत्येक एन्ट्री वरच्या टप्प्याला नेली तर दिवसभरात बरीच मिनिटं फुगतात, म्हणून मी दिवसाची बेरीज आधी करते आणि मग एकदाच तिला टप्प्यावर आणते.

रिपोर्ट कसा वाचावा

आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं पुरे. कोणत्या प्रोजेक्टने अपेक्षेपेक्षा जास्त वेळ घेतला, सलग काम दिवसाच्या कोणत्या वेळी झालं आणि 'कार्यालयीन' मध्ये किती गेलं, हे पाहा. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल निवडा. सलग एन्ट्री सकाळच्याच असतील तर मीटिंग दुपारी ढकला. मेलच्या एन्ट्री दिवसभर विखुरलेल्या असतील तर त्यांना दोन ठरावीक वेळा द्या. दोन बदल एकदम केलेत तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

एकूण तास वाढवायच्या मागे मात्र लागू नका, हे कळकळीने सांगते. आकडा रोज डोळ्यांसमोर असला की तो मोठा दिसावा असं वाटायला लागतं आणि माणूस उगाच बसून राहतो. चांगलं झालेलं काम कमी वेळात संपलं तर ते नोंदीत तसंच लिहा.

नोकरीत टाइमशीट भरावी लागत असेल तर काय नोंदलं जातं, पडद्याची चित्रं घेतली जातात का आणि ते सगळं कोण पाहतं, हे आधी विचारून घ्या. टीमला दिसणाऱ्या वर्णनात खासगी किंवा गोपनीय तपशील लिहू नका.

महिना संपला की संपूर्ण नोंद सीएसव्हीमध्ये काढून आपल्या संगणकावर ठेवा. विनामूल्य योजनांच्या अटी बदलतात, ॲपही बंद पडतात, आणि दोन वर्षांपूर्वी अशाच कामाला किती वेळ लागला होता हे पुढे कधीतरी पाहावं लागेल. फाइलच्या नावात वर्ष आणि महिना लिहा. संपलेले प्रोजेक्ट डिलीट न करता आर्काइव्ह करा (यादीतून बाजूला काढून जपून ठेवा), म्हणजे यादी छोटी राहील आणि जुने तासही जागेवर राहतील.